लढाई काळ्या समुद्रावर, सोयाबीन वाशीमच्या गोदामात: एका शेतकरी कंपनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही शेतकरी उत्पादक कंपनी वाशीम जिल्ह्यातली. गावाचं, कंपनीचं नाव आणि माणसांची नावं इथे देत नाही. सभासद चारशेच्या वर, बहुतेक दोन ते पाच एकरांचे कोरडवाहू कास्तकार. खरिपात सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी. विहिरीला पाणी असेल त्याचा रब्बीत हरभरा. संचालक सात, त्यांत दोन महिला. कंपनीचे धंदे दोन: एक कृषी केंद्र, जिथून खत-बियाणं विकलं जातं, आणि एक गोदाम, जिथे सोयाबीन घेऊन साठवलं जातं. मी कंपनीचे हिशेब पाहतो आणि महत्त्वाच्या बैठकांना बसतो. पुढे सांगतोय त्या बैठकांनाही मी होतो.

२०२२च्या जानेवारीत गोदामात ८२० क्विंटल सोयाबीन होतं. त्यातलं ३०० क्विंटल कंपनीने बँकेचं कर्ज काढून, क्विंटलला सरासरी ६,०५० रुपये भावाने घेतलेलं. कर्जावर व्याज १२ टक्के. उरलेलं ५२० क्विंटल सभासदांचं. भाव चढला की विकू, म्हणून ठेवलेलं.

हे 'चढला की विकू' कुठून आलं, ते सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या चुकीचं मूळ तिथे आहे. २०२०च्या दिवाळीला ज्यांनी चार हजारांच्या आसपास सोयाबीन विकलं, त्यांनी २०२१च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत दहा हजारांचा भाव डोळ्यांनी पाहिला. त्या वर्षी थांबला तो तरला. मग सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, नवा माल आला आणि ऑक्टोबरपर्यंत भाव पाच हजारांच्या घरात उतरला. गावाच्या लक्षात पहिला अर्धा भाग राहिला, दुसरा नाही.

लढाई सुरू झाली

२४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पहिल्या दोन आठवड्यांत ब्रेंट खनिज तेल पिंपाला १३० डॉलरच्या वर जाऊन आलं. वाशीमच्या बाजार समितीच्या यार्डात सोयाबीन सात हजारांच्या वर गेलं.

संचालकांपैकी एका वडीलधाऱ्यांनी, त्यांना सगळे काकाजी म्हणतात, सरळ विचारलं, "लढाई तिकडं, मंग आपल्या सोयाबीनले काऊन भाव?" प्रश्न चांगला होता आणि त्याचं उत्तर देणं माझ्याकडे आलं. मी जे सांगितलं ते असं.

भारत आपल्या खाण्याच्या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरून आणतो. त्यातलं सूर्यफूल तेल तेव्हा बहुतेक युक्रेनचं, राहिलेलं मुख्यतः रशियाचं. युक्रेनची ओडेसाकडची बंदरं बंद झाली, काळ्या समुद्रात जहाज पाठवायचं तर विम्याचा हप्ता परवडेना, म्हणून सूर्यफूल थांबलं. मग सगळे खरेदीदार सोया तेल आणि पामतेलाकडे वळले आणि आपल्या सोयाबीनला मागणी आली. लढणाऱ्या देशांच्या शेजाऱ्यांचीही घडी विस्कटली. तुर्कस्तानने सामुद्रधुनीतून युद्धनौकांची ये-जा रोखली. पोलंड, रुमानिया, मोल्दोव्हा यांच्या सीमेवर लाखो निर्वासित आले. पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्याच लष्करी गटात नसलेले फिनलंड आणि स्वीडन नाटोच्या दारात उभे राहिले. बेलारूस तर रशियाच्या बाजूनेच होता, आणि बेलारूसचा आपल्या कृषी केंद्राशी थेट संबंध होता.

तो संबंध पोटॅशचा, म्हणजे पालाश देणाऱ्या खताचा. जगाच्या पोटॅश निर्यातीत तेव्हा रशिया आणि बेलारूस मिळून सुमारे ४० टक्के. भारतात पोटॅशची खाण चालत नाही, सगळं बाहेरचं. बेलारूसला स्वतःचा समुद्रकिनारा नाही. त्याचं पोटॅश शेजारच्या लिथुआनियाच्या क्लायपेडा बंदरातून जायचं. आधीच्या निर्बंधांमुळे लिथुआनियाने १ फेब्रुवारीपासून ती रेल्वे वाहतूक बंद केली होती. तीन आठवड्यांनी युद्ध आलं आणि राहिलेली वाटही बुजली.

काकाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे एका दारानं पैसा येऊन राह्यला, दुसऱ्या दारानं जाऊन राह्यला." त्या बैठकीत एवढं नेमकं कुणीच बोललं नव्हतं. दुर्दैव हे की निर्णय घेताना आम्ही दोन्ही दारं एकत्र पाहिली नाहीत. सोयाबीनची बैठक वेगळी झाली, खताची वेगळी.

पेच

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात यार्डात ७,२५० मिळत होते. कंपनीचं सोयाबीन विकलं असतं तर व्याज जाऊन तीन लाखांच्या वर सुटले असते. एवढा नफा कंपनीने आधी कधी पाहिला नव्हता. पण तरुण संचालकांचं म्हणणं होतं, लढाई थांबत नाही तोवर भाव उतरत नाही, आखाजीनंतर आठ हजार दिसतील.

दुसरीकडे खताचे घाऊक विक्रेते रोज फोन करत होते. पोटॅशचं ५० किलोचं पोतं १,७०० रुपयांचं होणार, डीएपीचं (नत्र आणि स्फुरद देणारं खत) काहीच सांगता येत नाही, आगाऊ पैसे भरा, नाहीतर मृगात हात हलवत बसाल, असा सगळा सूर. कंपनीच्या खात्यात तेव्हा मोकळा पैसा जवळजवळ नव्हता. तो सगळा गोदामात सोयाबीनच्या कट्ट्यांत अडकला होता.

आणखी एक अडचण होती, जिचं महत्त्व मला तेव्हा पुरतं कळलं नाही. २०२१च्या डिसेंबरपासून सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांचे आगाऊ सौदे, बाजार नियामक सेबीने बंद ठेवले होते. पूर्वी आम्ही निदान पुढच्या महिन्यांचा भाव पडद्यावर पाहून अंदाज बांधायचो. आता पुढचं सांगायला फक्त अडते, मोबाईलवरचे संदेश आणि टीव्हीवर रणगाड्यांची चित्रं. त्यातच तेलबियांवर साठा मर्यादा होती. घाऊक व्यापाऱ्याला २,००० क्विंटल. आमचा माल त्याच्या आत होता, पण तेल गिरण्यांनाही मर्यादा असल्याने त्यांचे खरेदीदार सावध झाले होते. सरकार भाव खाली आणायला बसलंय, याची ही उघड खूण होती. आम्ही ती कागदपत्रांची कटकट समजून बाजूला ठेवली.

समोर असलेले पर्याय

चार पर्याय चर्चेत आले. पहिला, सगळं विकून कर्ज फेडायचं. दुसरा, सगळं जूनपर्यंत धरायचं. तिसरा एका महिला संचालकांनी मांडला: खताला जेवढे पैसे लागतील तेवढ्याचं सोयाबीन आजच विका, बाकीचं धरा. त्यांचं म्हणणं असं, की खत महाग झालं ते ज्या लढाईमुळे, सोयाबीन चढलं तेही तिच्यामुळे. मग चढलेलं देऊन चढलेलं घ्या, दोन्हीकडून बरोबरी होईल. चौथा पर्याय तारणाचा: सभासदांनी माल वखार महामंडळाच्या किंवा बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा आणि शेतमाल तारण योजनेतून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी उचलायची. माल आपलाच राहतो, हातात पैसाही येतो.

तिसऱ्या पर्यायावर दहा मिनिटंही चर्चा झाली नाही. "ताई, घाई नका करू, अजून चढते," एवढ्यावर तो संपला. मी हिशेब मांडून दाखवू शकलो असतो. मांडला नाही. भाव चढत असताना विका म्हणणाऱ्याचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. हे लिहिणं मला जरुरीचं वाटतं.

काय केलं

कंपनीने ३०० क्विंटल धरून ठेवलं. सभासदांनाही तोच सल्ला गेला. ५२० क्विंटलपैकी २०० क्विंटलचे मालक मार्चमध्येच आपला माल काढून विकून मोकळे झाले. घरात लग्न होतं, बोअरचं काम होतं, त्यांना थांबणं परवडत नव्हतं. बाकी ३२० क्विंटल कंपनीच्या शब्दावर थांबलं.

खतासाठी बँकेत दुसरी उचल काढली. त्यातून पोटॅशची २०० पोती घेतली, कारण पैसे भरले की तेवढं लगेच मिळत होतं. डीएपीची मागणी ९०० पोत्यांची नोंदवली.

एप्रिलपासून निर्णयांची रांग लागली, आणि त्यातला एकही निर्णय मॉस्को किंवा कीव्हमध्ये झालेला नव्हता. २७ एप्रिलला केंद्राने डीएपीचं अनुदान पोत्यामागे २,५०१ रुपये केलं आणि पोतं १,३५० रुपयांना मिळेल असं ठरलं. २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. त्या आठवड्यात आमच्याकडचे सगळे खुशीत होते. २३ मे रोजी इंडोनेशियाने बंदी उठवली. २४ मे रोजी भारत सरकारने दोन वर्षांसाठी, दरवर्षी २० लाख टन सोया तेल आणि २० लाख टन सूर्यफूल तेल शुल्काविना आणायला परवानगी दिली. इंडोनेशियात तुंबलेलं पामतेल बाजारात ओतलं गेलं आणि जून-जुलैत जगभर पामतेलाचे भाव कोसळले. लढाई चालूच होती, ओडेसा बंदच होतं, आणि तरी आमचं सोयाबीन उतरत गेलं. 'लढाई आहे तोवर भाव आहे' हे गृहीतक तिथे मोडलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बँकेचा तगादा आला आणि कंपनीने आपला माल ६,१५० ने दिला.

परिणाम

गोदामात सहा महिन्यांची तूट धरता ३०० चे २९५ क्विंटल भरले. हाती आले १८ लाख १४ हजार. खरेदी होती १८ लाख १५ हजारांची. म्हणजे मुद्दल परत आलं आणि सुमारे १ लाख ९ हजारांचं व्याज खिशातून गेलं. मार्चमध्ये हातात आलेले तीन लाख सोडले, ते वेगळे.

कंपनी हे सोसू शकली. मला जास्त लागलं ते सभासदांचं. एका एकट्या बाईंचं नऊ क्विंटल सोयाबीन गोदामात होतं. नवरा नाही, तीन एकर वावर, मुलगी तालुक्याला शिकते. मार्चमध्ये त्या विकायला आल्या होत्या. आमच्याच माणसाने त्यांना थांबवलं. पेरणीच्या तोंडावर त्यांनी सहा हजारांच्या आसपास विकलं. क्विंटलमागे साडेबाराशे गेले, नऊ क्विंटलचे सव्वाअकरा हजार. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या हंगामात त्यांनी गोदामात माल ठेवला नाही.

खताचं वेगळंच झालं, आणि मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच आहे. युरियाची ४५ किलोची गोणी युद्धाआधीही २६६ रुपये ५० पैशांना होती आणि नंतरही. युरोपात वायू महागल्याने, युरिया ज्यापासून बनतो त्या अमोनियाचे कारखाने थांबले, रशियातून ओडेसाला येणारी अमोनियाची नळवाहिनी बंद पडली, जगात युरिया भडकला, पण तो भार सरकारने उचलला. २०२२-२३ला देशाचं खत अनुदान सुमारे अडीच लाख कोटींवर गेलं. डीएपीचंही तसंच. जिथे भाव बांधलेला असतो तिथे लढाई भावात दिसत नाही, मालाच्या टंचाईत दिसते. आम्हाला ९०० पैकी ४०० पोती डीएपी मिळालं, आणि तेही लिंकिंगने: एवढं डीएपी हवं तर एवढ्या बाटल्या, एवढी सूक्ष्म अन्नद्रव्यं घ्या. त्या बाटल्या पुढच्या वर्षीही फळीवर होत्या.

पोटॅशचं उलट. त्याचा भाव कंपन्यांवर सोडलेला, म्हणून लढाई थेट भावात उतरली. माल होता, घेणारा नव्हता. हजाराच्या आसपास पाहिलेलं पोतं १,७०० ला कोण घेणार? दिवाळीला २०० पैकी ११० पोती शिल्लक होती. आणि खरं सांगायचं तर आमच्या बऱ्याच सभासदांना त्याची तेवढी गरजच नव्हती. विदर्भाच्या काळ्या जमिनीत पालाश मुळात भरपूर असतं. माती परीक्षणाच्या पत्रिका घराघरात पडून होत्या, बऱ्याच पत्रिकांवर 'पालाश: जास्त' असं छापलेलं होतं. दोनशे पोती मागवण्याआधी त्या एकदा चाळल्या असत्या तर अर्धी ऑर्डरही गेली नसती.

एक गोष्ट मात्र नीट जमली. डीएपी कमी पडल्यावर कृषी सहायकांच्या सल्ल्याने सिंगल सुपर फॉस्फेट आणलं. हिशेब सोपा आहे: डीएपीच्या एका पोत्यात २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र. सुपर फॉस्फेटच्या तीन पोत्यांत २४ किलो स्फुरद, वर १६ किलोहून जास्त गंधक, जे तेलबियांना हवंच असतं. नत्रासाठी सोबत २० किलो युरिया. तीन पोती वाहून न्यायचा त्रास होतो, म्हणून लोक नाक मुरडतात. पण ज्यांनी वापरलं त्यांच्या सोयाबीनला काही कमी पडलं नाही. बियाणंही त्या वर्षी बऱ्याच जणांनी घरचंच वापरलं, ओल्या पोत्यात शंभर दाणे ठेवून, सत्तरच्या वर उगवले तरच.

पोलंडच्या शेतकऱ्याची गोष्ट

पुढच्या वर्षी मी एक बातमी वाचली आणि ती छापून कंपनीच्या बैठकीत नेली. पोलंड हा युक्रेनचा सख्खा शेजारी. २०२२च्या उन्हाळ्यात तिथल्या कृषिमंत्र्यांनी, हेन्रिक कोवाल्चिक यांनी, शेतकऱ्यांना सांगितलं होतं की धान्य विकायची घाई करू नका, भाव उतरणार नाही. समुद्र बंद म्हणून युक्रेनचं धान्य युरोपीय संघाच्या परवानगीने रेल्वे आणि ट्रकने पोलंडमार्गे जाऊ लागलं. युक्रेनचे रूळ १,५२० मिलिमीटर रुंदीचे, पोलंडचे १,४३५. सीमेवर रेल्वेचा बहुतेक माल उतरवून पुन्हा भरायचा. पुढे आफ्रिकेला जायचं धान्य बरंचसं पोलंडमध्येच अडकलं, विकलं गेलं आणि तिथला भाव पडला. थांबलेल्या शेतकऱ्यांनी रस्ते अडवले. ५ एप्रिल २०२३ला कोवाल्चिक यांनी राजीनामा दिला. मे महिन्यात युरोपीय संघाने पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकिया, रुमानिया आणि बल्गेरिया या पाच देशांत युक्रेनच्या गहू, मका, मोहरीवर्गीय तेलबी आणि सूर्यफुलाच्या विक्रीवर बंधन आणलं.

बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच महिला संचालक म्हणाल्या, "म्हणजे तिकडच्या मंत्र्यानं जे केलं, तेच आपण केलं."

वेगळं काय करता आलं असतं

मार्चची बैठक आज पुन्हा भरली तर मी तिसरा पर्याय लावून धरेन. दुसऱ्या उचलीची रक्कम साडेतीन लाखांच्या आसपास होती. ५० क्विंटल विकून ती भागली असती आणि व्याज वाचलं असतं. त्यापुढे कंपनीचा निम्मा माल सात हजारांवर द्यायला हवा होता. आठ हजार आले असते तर उरलेला निम्मा होताच.

सभासदांना 'थांबा' सांगायचा अधिकार कंपनीला नव्हता, हे मी ठामपणे म्हणतो. तारण योजनेची वाट दाखवायची, आजचा भाव आणि धोका सांगायचा, आणि निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्यायचा. त्या बाईंना मार्चमध्ये पेरणीपुरते पैसे हवे होते. नऊ क्विंटलवर तारण कर्जातून काही रक्कम मिळाली असती. ते त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आणि लक्ष रणभूमीपेक्षा सरकारी अधिसूचनांवर हवं होतं. युद्ध महागाई आणतं, महागाई आली की सरकारं ग्राहकाच्या बाजूने धावतात: शुल्क काढतात, साठ्यावर मर्यादा घालतात, निर्यात रोखतात. त्याच वर्षी १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली होती, १४ एप्रिलला कापसावरचं आयात शुल्क काढलं होतं. सोयाबीनची पाळी येणार हे दिसत होतं. ग्राहकाला तेल परवडलं पाहिजे, यात वाद नाही. पण त्याचा भार दरवेळी तीन एकरवाल्याने का उचलायचा, हा प्रश्न मला अजून छळतो.

तीन वर्षांनी पुन्हा

१३ जून २०२५ला इस्रायलने इराणवर हल्ला केला, तेव्हा आमच्याकडे पेरणीची लगबग होती. त्याच दिवशी इस्रायलने आपली काही वायुक्षेत्रं बंद केली आणि शेजारच्या इजिप्तमधले युरिया कारखाने वायूअभावी थांबले. होर्मुझची सामुद्रधुनी बंद होणार अशी चर्चा सुरू झाली. जगाच्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा आणि कतारचा वायू तेव्हा तिथूनच यायचा, आणि त्या वायूवर आपले युरिया कारखानेही चालायचे. घाऊक विक्रेत्यांचे फोन पुन्हा सुरू झाले, शब्द जवळजवळ तेच.

यावेळी सोयाबीन आणि खत यांची बैठक एकच झाली. एका कागदावर दोन रकाने: काय विकायचं, काय घ्यायचं. सोयाबीन त्या वेळच्या हमीभावाच्या, ४,८९२च्या, खूप खाली होतं आणि युद्धाने त्याला काही उभारी मिळत नव्हती, म्हणून त्यावर सट्टा लावायचा प्रश्नच नव्हता. खताची यादी माती पत्रिका समोर ठेवून केली. पोटॅश फक्त ४० पोती, ज्यांच्या पत्रिकेत कमी होतं त्यांच्या नावानिशी. डीएपी मिळेल तेवढं, लिंकिंगशिवाय. नाही मिळालं तर सुपर फॉस्फेट, ते मेमध्येच आणून ठेवलं होतं. आगाऊ पैसे कुणालाच भरले नाहीत.

२४ जूनला तिकडे शस्त्रसंधी झाली. इकडे डीएपीची टंचाई तशीच राहिली, कारण चीनने आपली निर्यात आखडली होती. गोदामासमोर सुपर फॉस्फेटची पोती बैलगाडीत चढत होती. नऊ क्विंटलवाल्या बाईही त्या दिवशी खत न्यायला आल्या होत्या. जाताना त्यांनी विचारलं, येत्या हंगामात तारणाचे कागद कोण भरून देतं.